चासी बदलताना

झिजणे आणि गंजणे या दोन क्रियापदांतील भेद आम्ही दोघे वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. जे वापरले जाते ते झिजते, जे पडून राहते ते गंजते. चंदन झिजते, सहाण झिजते, देवळाचा उंबरठा झिजतो; आणि या झिजण्याला आपल्या भाषेने एक नैतिक प्रतिष्ठा बहाल केली आहे. गंजण्याच्या वाट्याला ती कधी आली नाही. निवृत्तीच्या समारंभात ‘गंजण्यापेक्षा झिजणे बरे’ हे वाक्य कोणीतरी उच्चारतेच, आणि सत्कारमूर्तीही जराशी संकोचून मान डोलावते. अर्थच्छटा म्हणून हा भेद बरोबरच आहे. मात्र ज्या वस्तूंवरून तो भाषेत आला त्या वस्तूंच्या जगात तो कसा विसकटतो, हे गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजात, एका पिकअप गाडीची सडलेली चासी बदलली जात असताना आम्ही जवळून पाहिले.

गाडी दादांची. दादा म्हणजे आमच्यापैकी एकाचे थोरले बंधू आणि दुसरीचे भावोजी. पण घरात सगळेच त्यांना दादा म्हणतात, म्हणून आम्हीही. वय एकसष्ट. त्यांची उपजीविका या गाडीवर. चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्या, एरवी मिरकरवाड्याच्या बंदरावरून अंबा घाट चढून कोल्हापूरला मासळी. गाडी एक दिवसही पडून राहिलेली नव्हती. भाषेच्या न्यायाने ती झिजायला हवी होती. गंजायचे तिला कारण नव्हते. प्रत्यक्षात ती कामामुळेच गंजली. मासळीच्या पेट्यांतून झिरपणारे बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेट चासीवर ठिबकत असे. त्यात समुद्रावरचा वारा, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात. मीठ त्या पाण्याला अधिक विद्युतवाहक करते आणि मग ते काम फार झपाट्याने होते.

चासी हा शब्द ज्यांनी केवळ आरटीओच्या कागदांवर वाचला असेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. अशा मालवाहू गाडीचे अंग एकसंध नसते. खाली पोलादाची एक शिडी असते: दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन, हौदा, पाटे, डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, सगळे या शिडीला लटकलेले किंवा तिच्यावर बसलेले. दांडे पोकळ असतात. त्यांत चिखल शिरतो, तो ओला राहतो, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून काळा रंग शाबूत असतो. पान्याच्या टोकाने ठोकले की आवाज बदलतो. दादांच्या गाडीला याआधी तीनदा थिगळे लावून झाली होती. जिथे पत्रा सडला तिथे वेल्डिंगने पट्टी मारायची. पण पट्टी ज्या पत्र्याला धरते तोही आधीच पातळ झालेला असतो, शिवाय वेल्डिंगच्या आचेने आतल्या बाजूचा उरलासुरला रंग जळतो आणि गंजाला नवी जागा मिळते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. यंदा ते होणार नाही, आणि झाले तरी भरल्या गाडीने घाट उतरणे शहाणपणाचे नाही, असे मिस्त्रींनी स्पष्ट सांगितले. नवी गाडी दादांच्या आवाक्याबाहेरची. नवी चासी निम्मा खर्च आम्ही उचलला तर जमण्यासारखी. म्हणून सत्र परीक्षांचे काम उरकल्यावर आम्ही घाट उतरलो.

गाडी उघडण्यापूर्वी एक विधी झाला तो आम्हांला आमच्या विषयातला वाटला. चासीवर सतरा अक्षरांकांचा क्रमांक कोरलेला असतो. त्यावर चिकटपट्टी लावून वरून पेन्सिल घासतात, मग खळगे पांढरे राहतात आणि क्रमांक उमटतो. शिलालेखाचा ठसा कसा घेतात हे आम्ही पदव्युत्तर वर्गाला शब्दांनी समजावतो. मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलाने ते दोन मिनिटांत केले. परवानगीच्या अर्जाबरोबर हा ठसा जोडायचा. गाडीची ओळख म्हणजे हा क्रमांक, आणि तो ज्या दांड्यावर होता तोच दांडा आता निघणार होता. अशा वेळी थिसिअसचे जहाज आठवणे अपरिहार्य. अथेन्सच्या लोकांनी त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि ते तेच जहाज की दुसरे यावर तत्त्वज्ञांत वाद माजला, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. आमच्या बाबतीत हा वाद नोंदणी प्राधिकाऱ्याने अर्ज, पाहणी आणि शुल्क एवढ्यावर मिटवला. त्याहून आमची तक्रार अशी की त्या कोड्यातली प्रत्येक फळी आपापली कुजते आणि आपापली निघते. शेजारची धड फळी फोडल्याशिवाय कुजकी निघतच नसेल तर काय, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. गॅरेजात दिवसभर तोच चालला होता.

साखळी-कप्पीने प्रथम हौदा उचलला, मग केबिन. इंजिन गिअरबॉक्ससह बाहेर आले. चार दिवसांनी चासी उघडी पडली आणि तिच्याभोवती ताडपत्रीवर गाडीचे शेकडो भाग ओळीने मांडले गेले. एरवी गाडीचा एखादाच भाग बिघडतो आणि तेवढाच आपल्या डोळ्यांसमोर येतो. इथे सगळे एकदम समोर, आणि कोणताही अगदी निरुपयोगी नाही. पाट्यांचे बुश थोडे खाल्लेले, ब्रेकच्या नळ्या क्लिपखाली चट्टे पडलेल्या, केबिनखालची रबरे चपटलेली, शॉकअप मवाळ, क्लचची प्लेट अर्धी, सेंटर बेअरिंगला बारीक आवाज. मिस्त्री खडू घेऊन फिरत होते. टाकायचे त्यावर फुली, ठेवायचे त्यावर बरोबरची खूण, आणि काहींभोवती नुसते वर्तुळ.

त्यांच्या फुल्यांचा क्रम आम्हांला आधी लागेना. जवळजवळ धड दिसणारी ब्रेकची मागची नळी त्यांनी फुली मारून बाजूला टाकली. उलट शॉकअप, ज्यांचा दोष आम्हांलाही दाबून कळत होता, ते ठेवले. विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘सर, शॉकअप काय, दोन बोल्ट. पुढच्या वर्षी दारात बसून बदलीन. ही नळी चासीच्या आणि हौद्याच्या मधून जाते. उद्या फुटली तर हौदा परत उचलायला लागेल. तेव्हा नळीचे पैसे नाही, हौद्याचे पैसे पडतील.’’

या एका वाक्याने ताडपत्रीवरचा सगळा पसारा वाचता येऊ लागला. भाग किती झिजला आहे, हे त्यांच्या हिशेबात निम्मेच. उरलेले निम्मे, पुन्हा तिथवर हात कधी पोहोचणार. केबिनखालची रबरे स्वस्त, पण केबिन उचलल्याशिवाय ती निघत नाहीत: फुली. हँडब्रेकची केबल चालू स्थितीत, पण तिचा मार्ग आता मोकळा आहे आणि पुन्हा नसेल: फुली. डिझेलची टाकी बाहेरून मळकट, पण तिचे पट्टे सोडले की ती उतरते: बरोबर. पाट्याच्या बुशाची जोडी एखाद्या बऱ्या दिवाळी अंकाच्या किमतीत येते. ती बसवायला पूर्ण दिवस जातो. तिथे तर शंकाच नाही.

बुशाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. बुश म्हणजे रबराचा जाड वेढा, त्याच्या मध्ये लोखंडी नळी, आणि नळीतून जाणारा बोल्ट. रबराने हादरे पचवायचे आणि बोल्टने धरून ठेवायचे. खाऱ्या हवेत नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो मधल्या फटीत पाचरीसारखा ठासून बसतो आणि दोन वस्तूंची एक वस्तू होते. गाडी चालत असते तोवर हे कळतही नाही. बुश आपले काम करीत असतो. बोल्ट काढायला गेले की तो फिरत नाही, किंवा आतल्या नळीसकट फिरतो आणि रबर फाटते. मागे चार बोल्टांपैकी तीन अखेर गॅसकटरने कापावे लागले, आणि रबर जळल्याचा वास संध्याकाळपर्यंत अंगणात राहिला. त्या चारांपैकी दोन बुश अजून पाचेक वर्षे चालले असते असे मिस्त्रीच म्हणाले, फक्त त्यांना हात लावायला नको होता. इथे झिजणे कोणते आणि गंजणे कोणते ते वेगळे काढता येईना. पाटे दांडीला आवळणारे यू-बोल्ट तर वरकरणी उत्तम होते. तेही टाकले, कारण आवळताना ते ताणले जातात आणि एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तसाच धरील याचा भरवसा नसतो.

आम्हांला या ठिकाणी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवली, आणि ती केवळ सवयीने आठवली असे नव्हे. १९१९ साली सुरू झालेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले ते कामही अंगच सुटे करण्याचे होते: देशभरातल्या हस्तलिखितांची पाने समोर मांडून मूळ कोणते आणि मागून चिकटलेले कोणते हे ठरवायचे. त्या आवृत्तीत ज्या पाठाविषयी संपादकांना पुरती खात्री नव्हती त्याच्याखाली नागमोडी रेघ छापलेली आढळते. पाठ जागेवर ठेवायचा, पण त्याच्याविषयीची शंका वाचकाच्या स्वाधीन करायची. शिवाय नाकारलेले पाठभेदही तळाशी आणि परिशिष्टांत जपून ठेवलेले. विद्यार्थ्यांना ही रेघ दाखवताना आम्ही नेहमी संपादकांच्या प्रामाणिकपणाविषयी बोलतो. मिस्त्रींच्या खडूच्या वर्तुळात आणि त्या रेघेत आम्हांला साम्य दिसले. त्यांना विचारले, ‘‘वर्तुळ म्हणजे शंका ना? मग यांचे काय करायचे?’’ ते म्हणाले, ‘‘मॅडम, वरच्या बाजूला असेल तर ठेवायचे. खाली जाणार असेल तर टाकायचे.’’

साम्य तिथेच संपले. ग्रंथाच्या संपादकाला शंका शिल्लक ठेवण्याची मुभा असते, कारण ग्रंथ मिटत नाही. पुढचा अभ्यासक पन्नास वर्षांनीही तेच पान उघडू शकतो, आणि उघडण्याचा त्याला काही खर्च पडत नाही. म्हणून साहित्यव्यवहारात संशयाचा फायदा जुन्या पाठाला मिळतो. गाडी मिटते. हौदा एकदा खाली आला की त्याखालच्या प्रत्येक शंकेची किंमत हौद्याइतकी होते. म्हणून तिथे संशयाचा फायदा नव्या भागाला. प्रामाणिकपणा दोन्हीकडे सारखाच, निवाडे मात्र नेमके उलटे. आपण शिक्षक मंडळी अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेला बसतो तेव्हा आपण यांपैकी कोणत्या न्यायाने वागतो, हे आम्ही त्या रात्री बराच वेळ आठवून पाहिले. दर काही वर्षांनी सांगाडा नवा येतो: वार्षिकाचे सत्र होते, गुणांची श्रेयांके होतात. घाई इतकी असते की जुने घटक जसेच्या तसे नव्या सांगाड्यावर चढवले जातात. जे सहज निघते ते बदलले जाते, आणि जे खाली दडलेले असते, पुढची दहा वर्षे ज्याला कोणाचा हात लागणार नसतो, ते तपासलेही जात नाही. असो. हा वेगळ्या लेखाचा विषय.

आमचा एक माजी विद्यार्थी मॅसॅच्युसेट्समध्ये असतो. दूरध्वनीवर त्याला हे सांगितले तर तो म्हणाला, तिकडे हा घरोघरचा विषय आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि पिकअपच्या चासी सडतात. टोयोटाच्या टॅकोमा गाड्यांविषयी अशा तक्रारी इतक्या आल्या की २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० या काळातल्या गाड्यांची चासी गंजण्याविरुद्धची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली आणि अनेक गाड्या परत विकत घेतल्या. पुढे नंतरच्या काही वर्षांतल्या टॅकोमा आणि तिच्या भावंड गाड्यांवरून खटला झाला. २०१६ साली झालेल्या तडजोडीत सुमारे १५ लाख गाड्या येत होत्या आणि तिचे मूल्य ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज मांडला गेला होता. तिकडे मीठ माणसाने टाकलेले, इथे वाऱ्याने आणलेले आणि मासळीने सांडलेले. दादांना हे सांगितले तेव्हा त्यांना आकड्यांपेक्षा पंधरा वर्षे या शब्दांत रस वाटला. ‘‘पंधरा,’’ ते म्हणाले, आणि गप्प झाले.

ते का गप्प झाले हे दुसऱ्या दिवशी उघड झाले. मिस्त्री सुट्या भागांची यादी करायला बसले आणि पहिलाच प्रश्न त्यांनी असा विचारला: ‘‘दादा, गाडी किती वर्षं चालवायची?’’ झिजलेले काय आणि चालण्यासारखे काय, हे या आकड्याशिवाय ठरत नाही. पाच वर्षे म्हटले तर निम्म्या फुल्या पुसता येतात. पंधरा म्हटले तर वर्तुळांच्याही फुल्या होतात. दादांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. तो गाडीवर येणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. दादांचा डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो आहे.

यावर आमच्यातच दोन मते झाली. एकाचे म्हणणे, पैसे आपण देतो आहोत तर सगळेच नवे करावे. भावाला निर्धास्त गाडी मिळावी. दुसरीचे म्हणणे, एकसष्टीच्या माणसाच्या हाती पंधरा वर्षांची गाडी देणे म्हणजे त्याला पंधरा वर्षे ती चालवायला सांगणे आहे. नवा भाग हा उपकारासारखा दिसतो, पण तो मुदतही लादतो. दोन्ही मते आम्ही दादांसमोर मांडली नाहीत. मांडायची गरजही पडली नाही. त्यांनी यादी हातात घेतली आणि स्वतःच निवाडा केला. ब्रेकचे सगळे नवे: नळ्या, रबरी होज, लायनर, सिलेंडर, सगळे, त्यात एक पैसा वाचवायचा नाही, कारण घाटात समोरून लोकांची पोरेबाळे येत असतात. स्टिअरिंगचेही तसेच. पाटे जुनेच, बुश नवे. क्लचची प्लेट दाखवून मिस्त्री म्हणाले, ‘‘गिअरबॉक्स खाली आहे, आता नुसते प्लेटचे पैसे. नंतर दिवसाची मजुरी.’’ त्यांच्या नियमाने ती बदलायलाच हवी होती. दादांनी प्लेट हातात घेतली, अंगठ्याने जाडी पाहिली, आणि म्हणाले, ‘‘अर्धी आहे. पुरेल.’’

कशाला पुरेल ते त्यांनी सांगितले नाही. मिस्त्रींनी पुन्हा आग्रह केला नाही. आम्हीही केला नाही.

जोडणी उलट क्रमाने झाली. नवी चासी येताना काळी, गुळगुळीत आणि सुगंधी रंगाची होती. दांड्यांच्या पोकळीत मिस्त्रींनी पातळ केलेले ग्रीस पिचकारीने मारून घेतले, आणि पाणी वाहून जाण्याची भोके मोकळी आहेत ना ते तारेने तपासले. बुशांचे बोल्ट आधी नुसते हाताने बसवले. शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, हौदा आणि केबिन यांचे ओझे पाट्यांवर आल्यावर. अधांतरी आवळले तर ओझे आल्यावर रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि वर्षभरात फाटते. हे ऐकून आमच्यातली एक हसली, कारण नव्याने रुजू झालेल्या तरुण प्राध्यापकांविषयी तिचे नेमके हेच म्हणणे आहे.

सारे जोडून झाल्यावर दिवे लागेनात. लागत होते, पण पिवळट, आणि हॉर्न दिला की मिणमिणत. मुलाने बॅटरी पाहिली, वायरिंग पाहिले. मिस्त्री मात्र सरळ खाली गेले आणि इंजिनाजवळ जिथे अर्थिंगची वायर चासीला लागते तिथला बोल्ट सोडला. चासी नवी, म्हणून तिथेही जाड रंग. वीज परत जायला उघडे लोखंडच नाही. त्यांनी छन्नीने रुपयाएवढी जागा खरवडून चकचकीत केली, वायर आवळली आणि वरून ग्रीस चोपडले. गंज जिथून पुन्हा सुरू होऊ शकतो अशी त्या चासीवरची ती पहिली जागा, आणि ती केल्याशिवाय गाडीला दिवे नव्हते.

पाहणी झाली, नोंद झाली, पासिंगही झाले. पौषात दादांनी पहिली मासळी कोल्हापूरला नेली. पेट्यांखाली आता त्यांनी जाड प्लास्टिक अंथरले आहे आणि पाणी मागच्या फळीवरून बाहेर पडेल असा उतार केला आहे. शॉकअप पावसाळ्याआधी बदलायचे ठरले आहे. मिस्त्रींनी हाताने लिहिलेले बिल दोन पानांचे होते. एकेका भागापुढे किंमत, मजुरी वेगळी, आणि सर्वांत खाली, सहीच्या वर एक ओळ: ‘क्लच प्लेट जुनीच बसवली आहे, मालकांच्या सांगण्यावरून.’ दादांनी ते वाचले, घडी घातली आणि नोंदणीपुस्तकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवून दिले.